वरिष्ठ रोज सर्वांसमोर पाणउतारा करतात. एचआरकडे तक्रार करावी की नोकरी सोडावी?

आपण लिहिले आहे की, आपले टीम लीडर रोज सकाळच्या बैठकीत सर्वांसमोर आपल्याला टाकून बोलतात आणि जवळची माणसे “दुर्लक्ष कर” असे सांगतात. दुर्लक्ष करू नका. दुर्लक्ष करण्याचा सल्ला मी दोन वर्षे पाळला आणि त्या दोन वर्षांत समोरच्या माणसाचा आवाज एक दिवसही खाली आला नाही.

२०१६ ते २०१९ या काळात मी मुंबईत फोर्टमध्ये, बोरा बाजाराजवळ, कस्टम क्लिअरिंगचे, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवण्याचे, काम करणाऱ्या एका लहान कंपनीत डॉक्युमेंटेशन पाहत होतो. बारा माणसे, मालक म्हणजे शेठ, आणि एक मॅनेजर. माझे शिक्षण डोंबिवलीच्या मराठी शाळेत झाले. इंग्रजी कामापुरते येत होते, पण बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालासाठी कस्टमकडे दाखल करायच्या कागदात, माझी चूक क्वचितच निघत असे. मॅनेजरसाहेब मी आयातदारांना पाठवलेल्या ईमेलचे प्रिंट काढत, माझ्या टेबलापाशी उभे राहून ते मोठ्याने वाचत आणि चुकलेल्या प्रत्येक क्रियापदापाशी थांबून सर्वांकडे पाहत. ते स्वतः मराठी शाळेतच शिकलेले होते, म्हणून ते मला अधिक लागत असे. पुढे त्यांनी नावाऐवजी “मराठी मीडियम” अशीच हाक मारायला सुरुवात केली आणि महिनाभरात ऑफिसमधील इतरही तीच हाक मारू लागले.

याचा एक परिणाम मला फार उशिरा कळला. ईमेल लिहिण्याची मला इतकी धास्ती बसली की, शक्य तेथे मी फोनवरच काम उरकू लागलो. छळणाऱ्या माणसाच्या हे पथ्यावरच पडते, कारण आपण लिहिणे सोडले की आपल्या बाजूचा पुरावाही तयार होत नाही. माझे नशीब एवढेच की चेकलिस्ट, म्हणजे बिल ऑफ एंट्रीचा मंजुरीसाठीचा मसुदा, फाइल जोडूनच पाठवावी लागत असे, त्यामुळे तिच्यापुरता ईमेल सुटला नव्हता.

२०१८ च्या पावसाळ्यात न्हावा शेवा बंदरात एक जहाज सोमवारी लागले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे जहाज आल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल करणे आवश्यक होते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस दररोज ५,००० रुपये आणि त्यानंतर दररोज १०,००० रुपये आकार लागत असे. मी सोमवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी चेकलिस्ट तयार करून मॅनेजरसाहेबांना मंजुरीसाठी पाठवली आणि प्रिंट त्यांच्या टेबलावर ठेवले. मंगळवारी सकाळी आणि संध्याकाळी आठवण केली. त्यांनी मंजुरी दिली ती गुरुवारी सकाळी. दोन दिवसांचे १०,००० रुपये लागले, आयातदार चिडला, आणि साहेबांनी शेठना सांगितले की मराठी मीडियमला इनव्हॉइस नीट वाचता आले नाही. माझा पगार २२,००० रुपये होता. ही रक्कम दोन महिन्यांत निम्मी-निम्मी कापण्याचे ठरले. मला कोणी काही विचारले नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राने तो कागद साहेबांच्या टेबलावर मंगळवारी दिवसभर पडलेला पाहिला होता. आम्ही दोघे रोज एकाच लोकलने जात होतो आणि डबाही एकत्र खात होतो. शेठसमोर एवढे एकच वाक्य सांग, अशी मी त्याला विनंती केली. त्याने उत्तर दिले, “मला यात ओढू नकोस.”

त्या रात्री मी एका वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि त्या वेळी कोण हजर होते, हे आठवेल तेवढे लिहून काढले. दुसऱ्या दिवशी ईमेलचे प्रिंट घेऊन शेठकडे गेलो. वही मी पिशवीतून बाहेर काढलीच नाही. “साहेब मला सर्वांसमोर बोलतात” असे म्हटले असते तर शेठनी मला हळवा ठरवून परत पाठवले असते, याची मला खात्री होती. मी फक्त चार कागद वेळेनुसार लावून समोर ठेवले आणि विचारले की दहा हजारांचे नुकसान कोणत्या टेबलावर झाले. त्यांनी ते कागद दोनदा वाचले. माझी कपात रद्द झाली आणि ईमेल मोठ्याने वाचण्याचा प्रकार त्या दिवसापासून बंद झाला.

साहेबांना मात्र काहीही झाले नाही. पुढे मला मोठ्या आयातदारांची कामे मिळेनाशी झाली आणि वर्षभराने मी दुसरीकडे, चार हजार रुपये अधिक पगारावर गेलो. आजही तो मित्र कोणाच्या लग्नात भेटला की म्हणतो, “तू उगाच वाढवलेस, शेवटी नोकरी सोडावीच लागली ना.” मी नोकरी सोडली ती कपातीचा डाग अंगावर न घेता सोडली, आणि ती कपात टळली ती कागदांमुळे, त्याच्या शहाणपणामुळे नव्हे. दुर्लक्ष करण्याचा सल्ला देणाऱ्याला त्यातून एक सोय मिळते. त्याला स्वतःला काही बोलावे लागत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे.

आपल्या एचआरकडे जायचे असेल तर तोंडी जाऊ नका. लेखी द्या, आणि शक्य असल्यास अपमानापेक्षा त्या वागण्यामुळे अडलेल्या कामापासून सुरुवात करा. केवळ टाकून बोलण्याविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. महिलेचा छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ चा कायदा लागू होतो: दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणच्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून हिणवले जात असेल तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. तेथे एचआरच्या उत्तराची वाट पाहू नये. पगार अडवला किंवा कापला तर वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे.

हेही सांगायला हवे की, त्या वेळी माझी पत्नी नोकरी करत होती आणि आमच्यावर घराचा हप्ता नव्हता. आपल्या एकट्याच्या पगारावर घर चालत असेल तर आधी दुसऱ्या नोकरीचे पत्र हाती घ्या आणि मग तक्रार करा. त्यात भित्रेपणा नाही. माझे ऑफिस बारा माणसांचे होते आणि मालक दहा पावलांवर बसत होते. मोठ्या कंपनीत हाच मार्ग लांबचा ठरेल. झोप आणि भूक गेली असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर आजच फोन करा, कागद नंतर गोळा करता येतील.

आपल्या शेजारी कोण बसते, हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही. बैठकीत जे घडले ते विचारल्यास तो सांगेल का, हे तक्रार देण्याआधीच त्याला स्पष्ट विचारून घ्या. मी ते पगार कापण्याचे ठरल्यानंतर विचारले.