त्रेसष्ट सांगितलं की ३६ का लिहितो?

मुलगा दुसरीत, मराठी माध्यमात. आईची काळजी अशी: "मॅडम, घरी एक ते शंभर न चुकता लिहितो. पण बाईंनी श्रुतलेखन घेतलं की त्रेसष्टला ३६ आणि पंच्याहत्तरला ५७. शेजारच्या म्हणाल्या, डिस्लेक्सिया असेल. रोज दोनदा उजळणी लिहून घेते, तरी काही फरक नाही."

उजळणी समोर बसवून लिहून घेतली. मुलाने वरून खाली नऊ वेळा ६ लिहिला, मग त्याच्या शेजारी १ ते ९ भरत गेला. पान अगदी बरोबर, पण त्यातली एकही संख्या त्याने मनात म्हटली नव्हती. मग आइस्क्रीमच्या काड्यांचे दहादहाचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढे ठेवल्या. "किती?" "त्रेसष्ट." "लिही." लिहिले ३६.

म्हणजे संख्या त्याला कळते. अडचण नावात आहे. मराठीत 'त्रे' आधी ऐकू येतो आणि 'सष्ट' मागून. लिहिताना मात्र ६ आधी हवा. जे आधी कानावर पडलं ते त्याने आधी लिहिलं. कन्नडमध्ये, आणि इंग्रजीत वीसच्या पुढे, दशक आधी बोलतात, तिथे हा घोटाळा होत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला, त्या बदलामागे ही अडचणही होती. जुनी नावं टाकून द्यायची गरज नाही, पण शिकताना 'साठ तीन, त्रेसष्ट' अशी जोडी म्हणून घेतल्याने मुलाला आधार मिळतो.

ताई, उजळणी लिहून घेणं महिनाभर बंद ठेवा. त्याऐवजी रोज दहा मिनिटं हा खेळ घ्या. बाईंना वर्गात जोड्या पाडूनही घेता येईल. जुन्या पुठ्ठ्याची १८ कार्डं कापा: १० ते ९० ची नऊ, दहा सेंटिमीटर रुंद, १ ते ९ ची नऊ, पाच सेंटिमीटर रुंद. लहान कार्ड मोठ्याच्या उजव्या अर्ध्यावर, शून्य झाकून बसलं पाहिजे. ६० वर ३ ठेवला की ६३ दिसतो आणि खाली साठ लपलेले आहेत हे मुलाला माहीत असतं.

पहिला आठवडा फक्त संख्येच्या नावाचं शेपूट ऐकायचं. तुम्ही "बेचाळीस" म्हणा, त्याने ४० चं कार्ड उचलायचं, बाकी काही नाही. 'सष्ट' म्हणजे ६०, 'हत्तर' म्हणजे ७०, 'पन्न' किंवा 'वन्न' म्हणजे ५०. सत्तावन्न आणि पंच्याहत्तर एकापाठोपाठ घ्या. 'सत्ता' ऐकून ७० उचलणारा हात इथे थांबायला शिकतो. दुसऱ्या आठवड्यात वर सुटं कार्ड ठेवायचं. तिसऱ्यात कार्ड लावून मगच लिहायचं, आणि चौथ्यात कार्डांशिवाय. एका दिवशी दहापेक्षा जास्त संख्या नकोत.

आधी ३ लिहून डावीकडे जागा सोडायची आणि मग ६ भरायचा, ही युक्ती बरेच जण शिकवतात. दोन अंकांपर्यंत ती निभते. फोनवर आकडे दाबताना आणि तीनअंकी संख्यांत फसते. ती लावू नका.

'एकोण'च्या संख्या शेवटी ठेवा, कारण तिथे शेपूटच फसवतं: एकोणसत्तरमध्ये सत्तर ऐकू येतो आणि लिहायचे ६९. सात गठ्ठे ठेवा आणि "एक काडी काढ" म्हणा. गठ्ठा सोडल्याशिवाय काडी निघत नाही. सहा गठ्ठे आणि नऊ सुट्या उरतात. एकोणचाळीस आणि एकेचाळीस कानाला फार जवळचे, ते समोरासमोर मांडून घ्या. नव्व्याण्णव वेगळं सांगावं लागतं, तिथे 'एकोण' नाही.

एक गोष्ट वेगळी तपासा. देवनागरी ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. सुटा '३' सांगितल्यावरही तो ६ लिहीत असेल, तर चूक क्रमाची नसून आकाराची आहे. त्यासाठी रव्यात बोटाने गिरवणं बरं. आणि दीड-दोन महिने खेळूनही हा गोंधळ तसाच राहिला, सोबत काना-मात्रा वाचतानाही तो अडखळत असला, तर डिस्लेक्सियाची तपासणी जरूर करून घ्या. या मुलाचं वाचन चांगलं होतं. महिन्याच्या शेवटी श्रुतलेखनात चुका उरल्या त्या 'एकोण'च्याच, आणि त्यासाठी काड्या अजून टेबलावरच आहेत.