आधी एकटीनं बोल, मग बंद कर

बाय,

काल स्टँडवर तू घाईघाईत सांगितलंस की ऑनलाइन काउन्सेलिंगचे दोन सेशन झाले, काही फरक नाही, पैसे फुकट, आता बंद करते. आणि लगेच पुढे म्हणालीस की मुलाला परवा उलथन्याने मारलं, वळ उठले, रात्रभर झोप नाही. मी विचारलं, हे त्या मॅडमना सांगितलंस का? तर म्हणे, कसं सांगणार काकू, सासूबाई पडवीतच सुपाऱ्या सोलत असतात. तेवढ्यात गाडी लागली.

अगं मग काउन्सेलिंग झालंच कुठे?

तू त्यांना सांगितलंस, मुलगा हट्टी झालाय, मोबाइल सोडत नाही. त्यांनी झोपेची वेळ, स्क्रीनची वेळ, शांत आवाजात बोलणं असं सगळं सांगितलं. तुझ्या प्रश्नाला ते बरोबरच होतं. पण डोंबिवली सोडून गुहागरात आलीस, नवरा सहा-सहा महिने बोटीवर, नोकरी सुटली, पोराची शाळा बदलली, दिवसभर बोलायला कोणी नाही आणि मग हात उठतो, हे त्यांच्या कानावर गेलंच नाही. ज्याचं दुखणं सांगितलंच नाही त्याचा गुण कसा येणार? बंद करायचं तर कर, तुझी मर्जी, पण आधी एकदा एकटीनं बोल.

हेडफोन लावते असं सांगू नकोस मला. हेडफोनने त्यांचं फक्त तुला ऐकू येतं, तुझं सगळ्या घराला. नि व्हिडिओ पाहिजेच असं कुठेय? रेंज नसली की नुसत्या आवाजावर बोल, आगरात जा, सड्यावर जा, कुठेही जा पण एकटी जा. सुरुवातीलाच सांगायचं की आज घरात माणसं आहेत, मला हो-नाही एवढंच बोलता येईल, किंवा सरळ वेळ बदलून घ्यायची. फोन कट झाला तर कोण कोणाला करणार तेही आधी ठरवायचं. चांगला काउन्सेलर स्वतःच विचारतो, कुठे बसलायत, जवळ कोण आहे. तुझ्या मॅडमनी विचारलं नसेल तर तू सांग. शिक्षण काय, काम कुठे केलंय, तेही बेधडक विचार, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, रजिस्ट्रेशन नंबर असतो. औषध लागलंच तर ते सायकियाट्रिस्ट देणार, या नाहीत.

मी एवढी का चिडतेय ते सांगते. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मी दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टरकडे नेलं तेव्हा जाऊबाई शेजारी बसल्या, सगळं त्याच बोलल्या, मी नुसती मान हलवली. ताकदीची बाटली देऊन घरी पाठवलं. त्यांना पाच मिनिटं बाहेर बसा म्हणणारं तिथे कोणी नव्हतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. गावात म्हणतात, मी सुनांना सासवांविरुद्ध शिकवते. म्हणू देत. तुझ्या सासूबाईंना बोलायचं असेल तर त्यांनाही मी एकटीलाच बसवीन, तुलाही आत येऊ देणार नाही. त्यांचाही मुलगा समुद्रात आहे.

त्या म्हणतात ना, आता काय रत्नागिरीला न्यायचंय का? तर ते मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे, तिथेही ओपीडीत माणसं येतात, औषध घेऊन घरी जातात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुला सध्या तिथवर जायची गरज दिसत नाही, मन मोकळं करायची आहे.

मारल्याचं सांगितलं तर पोर काढून घेतील की काय, ही भीती काढून टाक. मॅडम तुला पोलिसात द्यायला बसलेल्या नाहीत, हात उठायच्या आधी काय होतं ते शोधायला बसल्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि ते तसंच पाहिजे. म्हणून नेमकं काय गुप्त राहील, काय नाही, हे त्यांनाच आधी विचारून घे.

रात्रीबेरात्री असह्य झालं तर १४४१६ लाव, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिथेही तेच, मागच्या दाराने बाहेर जा आणि एकटीनं बोल.

बुधवारी चारला सेशन आहे ना? साडेतीनला माझ्याकडे ये. वरच्या खोलीला कडी आहे, वायफाय तिथपर्यंत येतं. पोराला मी समुद्रावर नेते, सासूबाईंना काय सांगायचं ते माझ्यावर सोड. आणि शाळेचं, मोबाइलचं नंतर, पहिल्या पाच मिनिटांत उलथन्याचं सांगायचं.

काकू