वाचकांचे प्रश्न : महाकाय फँटसी कानाने वाचताना

या वेळच्या पत्रांमध्ये लांबलचक फँटसी मालिका आणि त्यांची ऑडिओबुक्स यांविषयी बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले सहा निवडले आहेत. कथानकाचे रहस्य फुटेल असे उत्तरांत काही लिहिलेले नाही.

‘द व्हील ऑफ टाइम’ ऐकायला घ्यायची आहे. पहिल्या पुस्तकाच्या दोन ऑडिओ आवृत्त्या दिसतात : एक रोझमंड पाइक यांच्या आवाजात, दुसरी दोन निवेदकांची. कोणती घ्यावी? शिवाय आठव्या ते दहाव्या पुस्तकात गाडी रुतते असे म्हणतात. ती गाळली तर चालेल का? (सांगली)

आधी आवाका लक्षात घ्या. रॉबर्ट जॉर्डन यांच्या या मालिकेत मुख्य पुस्तके चौदा आणि एक पूर्वकथा. सगळे ऐकायला साडेचारशे तासांहून जास्त लागतात. रोज तासभर ऐकले तरी सव्वा वर्ष जाते. इतका काळ जो आवाज कानात राहणार, तो लेखकाइतक्याच काळजीने निवडायला हवा.

जुनी आवृत्ती मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या दांपत्याची आहे. त्यांची वाटणी साधी आहे. प्रसंग पुरुषाच्या नजरेतून असेल तर क्रेमर वाचतात, स्त्रीच्या नजरेतून असेल तर रीडिंग. याचा मोठा फायदा असा, की निवेदक बदलला की नजर बदलली हे कानाला लगेच कळते. एकाच अध्यायात तीनदा नजर बदलली तरी धागा सुटत नाही. तोटाही यातूनच येतो. प्रत्येक पात्राला दोन आवाज मिळतात, कारण क्रेमर यांच्या भागात बायकांचे संवादही तेच म्हणतात. सुरुवातीच्या पुस्तकांत तर दोघांचे काही नावांचे उच्चारही जुळत नाहीत. पहिले शंभरेक तास याचा त्रास होतो, पुढे कान सरावतो.

पाइक या मालिकेच्या दूरचित्रवाणी रूपांतरात म्वारेन झाल्या होत्या. त्यांचे अभिवाचन २०२१पासून पुस्तकांच्या क्रमाने येत गेले. एकच आवाज, संवादांत जास्त अभिनय, पात्रागणिक वेगळी ढब. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला ही आवृत्ती पटकन आपलीशी वाटते. पण विकत घेण्याआधी तिची पुढची पुस्तके कुठवर आली आहेत ते पाहा. मधेच निवेदक बदलला की ओळखीचे पात्र एका रात्रीत परके होते. पूर्ण चौदा पुस्तके ऐकायचा निश्चय असेल तर आमचे मत क्रेमर-रीडिंग यांच्या बाजूने आहे.

ऐकताना एक वही जवळ ठेवा आणि नावे कानावर पडतील तशी देवनागरीत लिहा. छापील इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार ओळखता येत नाही आणि ऐकलेल्या नावावरून स्पेलिंग सापडत नाही. ‘आईज सेडाय’, ‘एग्वेन’, ‘नायनीव’, ‘स्वान सांचे’ हे उच्चार पुस्तकांच्या शेवटच्या शब्दसूचीत दिलेले आहेत आणि आपल्या लिपीत ते एका ओळीत बसतात. नाव विसरले म्हणून इंटरनेटवर शोधायला मात्र जाऊ नका. नाव अर्धे टाइप होते न होते तोच ते पात्र कधी मरते हे शोधपेटीच सांगून टाकते.

आता रुतणाऱ्या पुस्तकांबद्दल. आठवे १९९८चे, नववे २०००चे, दहावे २००३चे. खरी अडचण दहाव्याची आहे आणि ती रचनेतून येते. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. त्या वेळी बाकीची माणसे कुठे, काय करत होती, हे दहावे पुस्तक सांगत बसते. त्यामुळे शेकडो पाने उलटली तरी पंचांगाचे पान फारसे उलटत नाही. ही पुस्तके गाळू नका. दहाव्याला वेग १.४ ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. पुस्तक येण्याची दोन-तीन वर्षे वाट पाहून मग हे हाती पडलेल्या वाचकांना जो कंटाळा आला, तो सलग ऐकणाऱ्याला निम्मासुद्धा येत नाही. अकरावे (२००५) पुन्हा वेग घेते. रॉबर्ट जॉर्डन यांनी स्वतः पुरे केलेले ते शेवटचे पुस्तक. २००७मध्ये ते गेले. त्यांच्या टिपणांवरून उरलेली तीन पुस्तके ब्रँडन सँडरसन यांनी २००९ ते २०१३ या काळात लिहिली. बाराव्यात मॅट या पात्राच्या बोलण्याचा बाज बदललेला जाणवेल. तिथे निवेदकाला दोष देऊ नका, लेखणीच बदललेली आहे.

पूर्वकथा ‘न्यू स्प्रिंग’ २००४ची आहे. कालक्रमाने ती पहिली असली तरी पहिली ऐकू नका. दहाव्यानंतर, म्हणजे प्रकाशनाच्या क्रमानेच ऐका.

‘द वे ऑफ किंग्ज’ पंचेचाळीस तासांचे आहे. दोनदा सुरू केले आणि दोन्ही वेळा सहाव्या तासाला सोडले. कोण कोण आहे तेच कळत नाही. लोकलमध्ये ऐकतो. (ठाणे)

यात तुमच्या कानांचा दोष नाही. ब्रँडन सँडरसन यांच्या या पुस्तकाला एकामागून एक तीन दारे आहेत. आधी उपोद्घात, तो हजारो वर्षांपूर्वीचा. मग प्रस्तावना, तीत एका मारेकऱ्याच्या नजरेतून राजाची हत्या. मग पहिला अध्याय, सेन नावाच्या कोवळ्या शिपायाच्या नजरेतून. तिन्ही वेळा वाटते, हाच नायक. तिन्ही वेळा तो नसतो. खरी कथा दुसऱ्या अध्यायात कॅलाडिनपासून आणि तिसऱ्यात शलानपासून लागते. डॅलिनार आणि अॅडोलिन यांची नजर तर दुसरा भाग सुरू झाल्यावर मिळते. छापील पुस्तकात मागे पान उलटून हे जुळवता येते, गर्दीच्या डब्यात ते जमत नाही.

दुसरी गफलत अध्यायारंभी वाचल्या जाणाऱ्या ओळींमुळे होते. पहिल्या भागात या ओळी म्हणजे मरणाऱ्या माणसांचे अखेरचे शब्द आहेत. त्यांच्यापुढे कधी आणि कुणाकडून नोंदवले याची टीप असते. कागदावर त्या तिरप्या अक्षरांत वेगळ्या उठून दिसतात, ऐकताना मात्र अध्यायाचे पहिले वाक्य वाटतात. अध्यायाचा आकडा ऐकू आल्यानंतरची पहिली ओळ कथेबाहेरची समजा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

तिसऱ्या प्रयत्नाची रीत अशी ठेवा. उपोद्घातापासून तिसऱ्या अध्यायापर्यंतचा भाग घरी, शांतपणे, १.० वेगाने ऐका. पुढचे लोकलमध्ये १.२५ने चालेल. इथलेही एक निवेदक असलेले क्रेमर सावकाश वाचतात, त्यामुळे शब्द निसटत नाहीत. या वेगाने साडेपंचेचाळीस तासांचे साधारण साडेछत्तीस होतात. ठाणे ते सीएसएमटी जाऊन-येऊन दोन तास धरले तर अठरा-एकोणीस कामाचे दिवस. दोन भागांच्या मध्ये ‘इंटरल्यूड’ म्हणजे मधले छोटे प्रसंग येतात, त्यांतली बरीच माणसे पुन्हा लवकर भेटत नाहीत. त्यांची नावे पाठ करण्यात शक्ती घालवू नका. नकाशे आणि शलानच्या वहीतली चित्रे ऑडिओत नसतात. सोबत पीडीएफ जोडलेली आहे का ते पाहा आणि ती फोनमध्ये उतरवून घ्या.

प्रवासात नेटवर्क जाते म्हणून पुस्तकही आधीच घरी उतरवा. ६४ केबीपीएसच्या फाइलला तासाला सुमारे २९ एमबी लागतात, म्हणजे पूर्ण पुस्तकाला १.३ जीबी. रात्री ऐकत असाल तर झोपेचा टायमर पंधरा मिनिटांचाच लावा. एक तासाचा लावला, की सकाळी नेमके कुठे झोप लागली हे शोधण्यातच प्रवास संपतो.

इतके करूनही जमले नाही तर याच लेखकाचे ‘मिस्टबॉर्न’ मालिकेतले पहिले पुस्तक (२००६) घ्या. साधारण साडेचोवीस तास, क्रेमर यांचेच वाचन, एक शहर, एक टोळी आणि एक ठरलेली लूट. तो आवाज ओळखीचा झाला की मग ‘वे ऑफ किंग्ज’कडे परत या.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे कोणते ऑडिओ चांगले? आणि त्यातल्या नावांचे खरे उच्चार कसे? (मडगाव)

संपूर्ण, न कापलेली दोन वाचने महत्त्वाची आहेत. रॉब इंग्लिस यांचे १९९०चे आणि अँडी सर्किस यांचे २०२१चे. चित्रपटांतला गॉलम झालेले सर्किस साहजिकच प्रत्येक पात्राचा अभिनय करतात. त्यांचा पहिला खंड साडेबावीस तासांच्या आसपास जातो, इंग्लिस यांचा एकोणीस तासांत संपतो. इंग्लिस यांच्या वाचनात घरातले एखादे वडीलधारे माणूस गोष्ट सांगत असल्याचा भाव आहे आणि पुस्तकातली गाणी ते सरळ गातात. चित्रपट पाहून आलेल्याला सर्किस, टॉल्किन यांचे गद्य ऐकायचे असेल त्याला इंग्लिस, असे आमचे मत. बीबीसीचे १९८१चे रेडिओ रूपांतर (अर्ध्या तासाचे २६ भाग) अजूनही अप्रतिम आहे. त्यात फ्रोडो झालेले इयन होम वीस वर्षांनी चित्रपटात बिल्बो झाले. मात्र ते रूपांतर आहे, पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल त्यात भेटणार नाही.

उच्चारांबाबत मराठी वाचक नशीबवान आहे. टॉल्किन यांनी पुस्तकाच्या परिशिष्टात दिलेले बरेचसे नियम देवनागरीत जवळजवळ आपोआप पाळले जातात. इंग्रजी ‘सी’ हे अक्षर एल्फ भाषांतल्या नावांत नेहमी ‘क’ असते, म्हणून केलेबोर्न आणि किरिथ उंगोल, सेलेबॉर्न नव्हे. ‘एयू’ म्हणजे ‘आउ’, म्हणून साउरॉन आणि स्माउग. दुहेरी व्यंजन लांबवून म्हणायचे, ते आपण जोडाक्षरात म्हणतोच : रोहिर्रिम. एका ठिकाणी मात्र फसायला होते. ‘डी-एच’ म्हणजे आपला ‘ध’ नाही. इंग्रजी ‘दिस’ या शब्दाच्या आरंभी जो मृदू ध्वनी इंग्रज काढतो, तो तिथे हवा. काराध्रास असे लिहिले तरी म्हणताना जीभ दातांना हलकेच लावून हवा जाऊ द्या.

इंग्रजी जड वाटत असेल तर मुग्धा कर्णिक यांचा मराठी अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ हाताशी ठेवा. अध्याय आधी मराठीत वाचायचा, मग इंग्रजीत ऐकायचा. एल्रॉन्डच्या सभेचा अध्याय फार लांब आहे आणि त्यात सगळे बोलतच असतात. तिथे ही रीत विशेष उपयोगी पडते.

लायब्ररीच्या ‘लिबी’ अॅपवर ऑडिओबुक मिळते, पण चौदा दिवसांत चाळीस-पन्नास तासांचे पुस्तक संपत नाही. पुन्हा मागितले तर रांग. (टोरांटो)

गणित मांडा. साडेपंचेचाळीस तासांना चौदा दिवसांत रोज सव्वातीन तास लागतात, १.२५ वेगाने दोन तास छत्तीस मिनिटे. एकवीस दिवसांची मुदत निवडता येत असेल तर त्याच वेगाने पावणेदोन तासांत भागते. म्हणून पुस्तक उचलण्याआधी सेटिंगमध्ये मुदत सर्वांत लांब करून ठेवा. तुमचा क्रमांक येईल तेव्हा सवड नसेल तर पुस्तक ‘नंतर द्या’ म्हणून पुढे ढकलता येते, रांगेतली जागा जात नाही. हातात पुस्तक असतानाच पुढच्या फेरीसाठी पुन्हा नाव लावा. मुदत संपून पुस्तक परत गेले तरी तुम्ही कुठवर आलात ती खूण अॅपमध्ये राहते. मालिकेतल्या दोन-तीन पुस्तकांसाठी एकदम नाव लावू नका. तिसरे आधी येते आणि दुसऱ्याची वाट पाहता पाहता परत जाते.

मालिका अर्धवट राहिली की फार चुटपूट लागते. पूर्ण झालेल्या आणि ऐकायला चांगल्या अशा कोणत्या? मालाझानबद्दलही सांगा. (नाशिक)

मग जॉर्ज मार्टिन (पाचवे पुस्तक २०११, सहावे अजून नाही) आणि पॅट्रिक रॉथफस (दुसरे पुस्तक २०११, तिसरे नाही) यांना तूर्त बाजूला ठेवा. मार्टिन यांची पुस्तके वाचणारे रॉय डॉट्रिस यांच्या नावावर एकाच ऑडिओबुकात २२४ पात्रांना आवाज दिल्याचा गिनेस विक्रम आहे. पण पुढच्या पुस्तकांत त्याच पात्रांचे आवाज त्यांनी बदलले, डेनेरिसचा तर ओळखू येत नाही.

पूर्ण झालेल्यांत जो अॅबरक्रॉम्बी यांची ‘फर्स्ट लॉ’ ही पहिली त्रयी (२००६–२००८) ऐकायला सर्वांत सरस आहे. स्टीव्हन पेसी यांच्या वाचनातले ग्लोक्टा हे पात्र म्हणजे अभिवाचन कसे असावे याचा वस्तुपाठ. तो मनात काय म्हणतो आणि तोंडाने काय बोलतो, हा फरक पेसी फक्त स्वराच्या पट्टीने दाखवतात. छळाची वर्णने आहेत, मुलांसमोर स्पीकरवर लावू नका. रॉबिन हॉब यांची सोळा पुस्तकांची मालिका २०१७मध्ये पुरी झाली. नायक फिट्झ तीत नाही म्हणून मधली ‘लिव्हशिप ट्रेडर्स’ त्रयी गाळणारे पुढे पस्तावतात, शेवटच्या त्रयीतले कितीतरी धागे तिथून येतात.

स्टीव्हन एरिक्सन यांच्या मालाझान मालिकेची मुख्य दहा पुस्तके (१९९९–२०११) पूर्ण आहेत. पहिली तीन राल्फ लिस्टर वाचतात, चौथ्यापासून मायकेल पेज, आणि त्यासोबत नावांचे उच्चारही बदलतात. एरिक्सन काहीच समजावून सांगत नाहीत. पात्रांची लांबलचक यादी पुस्तकाच्या आरंभी असते, ती ऐकून काही उपयोग नाही. ई-बुकचा मोफत नमुना उतरवा. नकाशे आणि यादी पहिल्याच पानांवर असल्याने बहुधा नमुन्यातच मिळतात. तरीही पहिले पुस्तक डोळ्यांनी वाचा, दुसऱ्यापासून ऐका.

तेरा वर्षांच्या मुलीला इंग्रजी फँटसी ऐकवायची आहे. ती मराठी माध्यमात शिकते. (कोल्हापूर)

उर्सुला ले ग्विन यांचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). अवघे सात तासांच्या आसपास, वाक्ये आटोपशीर, आणि रॉब इंग्लिस यांचे संथ, स्वच्छ वाचन उपलब्ध आहे. नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, हे तिला मुद्दाम सांगा. त्या काळच्या इंग्रजी फँटसीत हे फार दुर्मीळ होते. वेग ०.९ ठेवा आणि दिवसाला अर्धा अध्यायच ऐकवा. बेटांचा नकाशा छापून भिंतीवर लावा आणि गेडची होडी जिथे जाईल तिथे टाचणी टोचू द्या. पुढची दोन पुस्तके (१९७१, १९७२) लगेच चालतील. चौथे, ‘तेहानू’ (१९९०), ती सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर. त्यात एका लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराचा विषय आहे आणि तोवर तिला ते पुस्तक जास्त नीट कळेल.