वाचकांचे प्रश्न : बर्फात गाडी अडकली तर?

प्रश्न : हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्याने लांब जायचंय, सोबत बायको आणि दोन लहान मुलं. इमर्जन्सी किटच्या याद्या बघितल्या तर एकेकीत तीस-चाळीस वस्तू, डिकी त्यातच भरून जाईल. एवढं सगळं खरंच लागतं का?

उत्तर : नाही हो, त्यातलं निम्मं सामान वर्षभर नुसतं खुळखुळत फिरतं. तुम्ही एकच प्रश्न डोक्यात ठेवा, गाडी अडकली आणि मदत यायला रात्र झाली तर चौघं आत ऊबेत कसे राहाल? मग यादी आपोआप छोटी होते. माणशी एक जाड लोकरीचं ब्लँकेट किंवा स्लीपिंग बॅग, टोप्या, हातमोजे, आणि जास्तीचे लोकरीचेच मोजे, कारण सुती मोजे एकदा भिजले की वाळता वाळत नाहीत आणि पाय गारठतात. प्यायचं पाणी घ्या पण बाटल्या काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि बाटली तडकते. खाऊ असा घ्या की गारठून कडक झाला तरी मुलांना चावता येईल. आणि तहान लागली म्हणून मुलं बर्फ तोंडात टाकतात ते करू देऊ नका, तो वितळवायला अंगातलीच ऊब जाते. रोजची औषधं, टॉर्च, पॉवरबँक. टॉर्चमध्ये लिथियमचे सेल टाका, साधे अल्कलाइन सेल कडाक्याच्या थंडीत लवकर मान टाकतात.

यानंतर गाडी बाहेर काढायचं सामान, म्हणजे छोटं फावडं, काचेवरचा बर्फ खरवडायचा स्क्रॅपर, टो करायचा दोर आणि चाकाखाली टाकायला थोडी कोरडी वाळू. मीठ बर्फ वितळवतं खरं, पण तापमान उणे 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साध्या मिठाचा फारसा उपयोग राहत नाही, वाळूची पकड तेव्हाही मिळते. स्नो चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या, घेणार असाल तर घरीच एकदा चढवून बघा, अंधारात सुन्न बोटांनी पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

आणि याद्यांमध्ये सहसा नसतं ते सांगतो, फावडं नि ब्लँकेट डिकीत ठेवू नका! डिकीचं झाकण गोठून बसलं किंवा मागून बर्फाचा ढीग आला तर सगळं किट असून नसल्यासारखं. मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, पण नीट अडकवून, जोरात ब्रेक लागला तर सुटं फावडं थेट पुढे येतं.

प्रश्न : अडकल्यावर इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलं तर चालेल ना?

उत्तर : चालेल, पण सलग नाही, आणि आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बुजलं की धूर गाडीत शिरतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणसाला वाटतं दमलोय म्हणून असेल. थंडीपेक्षा मला याचीच भीती जास्त वाटते. तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवायचं, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली, आणि बर्फ पडत असेल तर दर वेळी सायलेन्सर पुन्हा बघायचा, कंटाळा आला तरी. बॅटरीवरचा छोटा सीओ अलार्म मिळतो, कार्बन मोनॉक्साइड वाढला की वाजणारा, तो घ्याच. बंद गाडीत मेणबत्ती लावायचा सल्ला देणारे बरेच भेटतात, ब्लँकेटं आणि मुलं असलेल्या गाडीत मी तरी देणार नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका म्हणतात ते याच हीटरसाठी.

मोबाइल आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, गारठला की चार्ज असूनही बंद पडतो. गाडी सोडून चालत निघू नका, हिमवादळात चार पावलांवरचं दिसत नाही. अँटेनाला किंवा आरशाला भडक रंगाचं कापड बांधा.

प्रश्न : जंपर केबल ठेवू की जंप स्टार्टर?

उत्तर : एकट्याने फिरत असाल तर जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी सुरू करून देणारी छोटी, सोबत नेता येणारी बॅटरी. जंपर केबल दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडावी लागते, म्हणजे केबलला दुसरी गाडी लागते आणि ती यायला हवी ना. उणे 18 च्या आसपास साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, त्यात इंजिन ऑइल घट्ट झालेलं, म्हणून सकाळी गाडी कुंथते. जंप स्टार्टर चार्ज करायला मात्र घरात आणा, लिथियम बॅटरी शून्याच्या खाली असताना चार्ज केली तर खराब होते. केबल वापरलीच तर काळ्या वायरचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावायचं, कारण बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर तिथला गॅस पेट घेऊ शकतो.

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक गाडी आहे, वेगळं काही?

उत्तर : धूर नाही त्यामुळे सायलेन्सरची भानगड नाही. हीटर कमी ठेवून सीट हीटरवर भर द्या, तो खूपच कमी वीज खातो. ब्लँकेटं मात्र तुम्हालाही लागतीलच, आणि निघताना चार्ज भरपूर असू द्या.