अमेरिकेतल्या सिंडिकेशन कंपन्यांकडे जुन्या मालिका-सिनेमांचा साठा येतो कुठून आणि त्या तो विकतात कसा?

तुम्ही विचारलंय की मालिका दाखवली एका नेटवर्कने, बनवली दुसऱ्याच स्टुडिओने, आणि पुनःप्रसारणाच्या शेवटी नाव झळकतं तिसऱ्याच वितरकाचं, हे कसं? मी काही वर्षं प्रसारण हक्कांचे करार तपासायचं काम केलंय, म्हणून कागदांच्या बाजूने सांगतो. सिंडिकेशन म्हणजे मालिका किंवा सिनेमे वेगवेगळ्या शहरांतल्या स्थानिक टीव्ही स्टेशनांना एकेक करून विकणं; नेटवर्क म्हणजे देशभर एकच कार्यक्रम दाखवणारी मोठी वाहिनी.

लायब्ररी विकत घेतली म्हणजे रिळांचं गोदाम घेतलं, असा समज असतो. खरा व्यवहार हक्कांचा असतो: कोणत्या प्रदेशात, किती वर्षं, किती वेळा आणि कोणत्या माध्यमातून दाखवायचं. रिळं त्यामागोमाग येतात.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे पैशाची गरज असलेल्या स्टुडिओकडून सगळं एकगठ्ठा घेणं. १९५० च्या दशकात हॉलिवूडच्या स्टुडिओंना जुने सिनेमे म्हणजे अडगळ वाटत होती. आरकेओ या स्टुडिओचे सातशेहून अधिक सिनेमे १९५५ मध्ये सी अँड सी नावाच्या कंपनीने घेतले, आणि ही मुळात शीतपेयं विकणारी कंपनी! तिने स्टेशनांकडून रोख मागण्याऐवजी जाहिरातीची वेळ मागितली आणि ती वेळ इंटरनॅशनल लेटेक्स या जाहिरातदार कंपनीला विकली. वॉर्नरने १९५० च्या आधीचे आपले सिनेमे १९५६ मध्ये असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या वितरक कंपनीला २.१ कोटी डॉलरला देऊन टाकले. तो साठा पुढे युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेला, तिथून एमजीएमकडे, १९८६ मध्ये केबल वाहिन्यांचा मालक टेड टर्नरकडे, आणि १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली तेव्हा चाळीस वर्षांनी पुन्हा वॉर्नरच्याच घरी आला.

दुसरा मार्ग सरकारने उघडून दिला. १९७० मध्ये एफसीसीने, म्हणजे प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने, नियम केला की नेटवर्कने बाहेरच्या निर्मात्यांच्या मालिकांमध्ये भागीदारी ठेवायची नाही आणि सिंडिकेशनचा धंदाही करायचा नाही. मग तीन मोठ्या नेटवर्कांपैकी सीबीएसने आपला वितरण विभाग १९७१ मध्ये वेगळा काढला, तो व्हायकॉम. एबीसीचा विभाग वर्ल्डव्हिजन झाला, एनबीसीचा साठा नॅशनल टेलिफिल्म असोसिएट्सकडे, म्हणजे एनटीएकडे गेला. हे नियम १९९५ पर्यंत पूर्ण संपले, आणि २००० मध्ये व्हायकॉमने सीबीएसलाच गिळलं. लेकराने आईला दत्तक घ्यावं तसा प्रकार.

तिसरा मार्ग आज जास्त चालतो: मालकी निर्मात्याकडेच राहते, वितरक फक्त विकण्याचा हक्क घेतो. त्याबदल्यात आधी एक किमान हमी रक्कम देतो, येणाऱ्या पैशातून आपलं कमिशन कापतो (अनेकदा ३० ते ४० टक्के), मग प्रती आणि प्रचाराचा खर्च वळता करतो आणि उरलेलं निर्मात्याला देतो. या ‘उरलेल्या’वरच पुढे वकिलांची घरं चालतात. किंग वर्ल्ड ही कंपनी अशीच मोठी झाली. सुरुवातीला तिच्याकडे ‘द लिटल रास्कल्स’चे जुने लघुपट होते. १९८३ मध्ये ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ या गेम शोची संध्याकाळची आवृत्ती, १९८४ मध्ये ‘जेपर्डी’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम आणि १९८६ मध्ये ऑप्रा विन्फ्रीचा कार्यक्रम तिने देशभर विकला. हे नवे कार्यक्रम थेट सिंडिकेशनसाठीच बनलेले होते, नेटवर्कवरून उतरलेले नव्हते.

खरेदीआधीची तपासणी हा माझ्या मते या धंद्याचा गाभा, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. निर्मात्यापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत हक्कांची साखळी सलग आहे का, हे आधी बघायचं. मग कलाकार आणि लेखकांना प्रत्येक पुनःप्रसारणामागे द्यायची रक्कम कोण भरणार? आणि संगीत! ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही रेडिओ स्टेशनवरची मालिका खऱ्या गाजलेल्या गाण्यांवर उभी होती, पण गाण्यांचे परवाने मुदतीचे होते. ती संपल्यावर पुढच्या वितरणात अनेक ठिकाणी मूळ गाणी काढून भलतंच संगीत घालावं लागलं. मालिका हातात, पण तिचा जीव गेलेला.

दुर्लक्ष किती महागात पडतं त्याचा नमुना एनटीएनेच घालून दिला. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा १९४६ चा सिनेमा त्यांच्या साठ्यात होता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे, ते १९७४ मध्ये राहून गेलं. झालं, देशभरातली स्टेशनं तो फुकट दाखवायला लागली, आणि मजा अशी की त्यामुळेच तो नाताळचा घरोघरचा सिनेमा झाला. एनटीएचं पुढे रिपब्लिक पिक्चर्स असं नामांतर झालं. १९९० मध्ये ‘स्ट्युअर्ट विरुद्ध एबेंड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूळ कथेचे हक्क किती भारी पडतात ते स्पष्ट केलं. त्याच्या आधाराने रिपब्लिकने १९९३ मध्ये कथा आणि संगीताचे हक्क पुढे करून फुकटचं प्रसारण थांबवलं.

आता विक्री. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या हिशोबाने अमेरिकेत २१० टीव्ही बाजार आहेत, आणि वितरक प्रत्येक बाजारात एका स्टेशनला ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक वेळा दाखवायचा एकाधिकार विकतो. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग लावायचा तर साठा लागतो, म्हणून १०० भाग हा जुना ठोकताळा. मोबदला रोखीत, किंवा जाहिरातीच्या वेळेत, किंवा दोन्ही मिळून. जाहिरातीची वेळ घेतली तर वितरक ती राष्ट्रीय जाहिरातदारांना विकतो. त्यासाठी देशातली साधारण ७०-८० टक्के घरं कव्हर व्हावी लागतात, म्हणून छोट्या गावातल्या स्टेशनचीही मनधरणी चालते. स्थानिक स्टेशनला आपल्याही जाहिराती घुसवायच्या असतात. तुम्हाला जुन्या मालिकांमधले प्रसंग छाटलेले दिसतात ते त्यापायी.

चांगल्यासोबत टाकाऊ खपवणं हा जुना खेळ. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूटीओपी स्टेशनला ‘कॅसाब्लांका’ हवा होता, तर त्यासोबत ‘गोरिला मॅन’ आणि ‘टिअर गॅस स्क्वाड’सारखे सिनेमेही घ्यावे लागले. एकूण ९९ सिनेमे, १,१८,८०० डॉलर. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती बेकायदा ठरवली. पॅकेजं आजही विकली जातात, फक्त प्रत्येक सिनेमाचा वेगळा भाव सांगावा लागतो.

माल पोचवण्याचं काम आता सोपं आहे, उपग्रह किंवा फाइल. पूर्वी १६ मिमीची प्रिंट एका स्टेशनने दाखवली की पार्सल करून पुढच्या स्टेशनला पाठवायची. त्यामुळे एकाच आठवड्यात वेगवेगळ्या शहरांत एकाच मालिकेचे वेगवेगळे भाग चालत, आणि रीळ तुटलं तर डागडुजी ज्याच्या हातात त्यानेच करायची.

निर्माता, वितरक आणि वाहिनी एकाच मालकाची झाली की भांडण ठरलेलं. १९९९ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’चा नायक डेव्हिड डुकोव्हनीने फॉक्सवर दावा लावला, की ही मालिका त्यांनी आपल्याच एफएक्स वाहिनीला स्वस्तात विकली आणि त्याचा वाटा बुडाला. प्रकरण तडजोडीत मिटलं. किंग वर्ल्ड सीबीएसने घेतल्यामुळे ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ आणि ‘जेपर्डी’चं वितरण सीबीएसकडे आलं, तर मालकी सोनीकडे. सीबीएसने परवाने कमी भावात दिले, असा आरोप करत सोनी ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्टात गेली. त्या वितरणाचा पाया म्हणजे १९८० च्या दशकातले किंग वर्ल्डचे करार.