बसऱ्याला गेलेले पणजोबा

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले’ ते परतलेच नाहीत. मूळ गाव पाटण तालुक्यात, जिल्हा सातारा. भाऊबंद म्हणतात, त्यांनी तिकडेच दुसरा संसार थाटला. आजोबा हे ऐकतच मोठे झाले. आता माळ्यावरच्या ट्रंकेत एक जड, थाळीसारखी गोल वस्तू सापडली आहे. त्रिशूळ घेतलेली बाई, जवळ सिंह, चौकटीत पणजोबांचं इंग्रजीत नाव. हे शौर्यपदक आहे का? आणि त्यांचं पुढे काय झालं, हे कुठे कळेल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, ती थाळी चिंच लावून घासू नका. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा.

ते शौर्यपदक नाही. युद्धाच्या नोकरीत मरण पावलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकार ही ब्राँझची तबकडी पाठवत असे. तिच्यावर हुद्दा नसतो, पलटण नसते. शिपाई असो की कर्नल, फक्त नाव. जिवंत राहिलेल्यांना किंवा पळून गेलेल्यांना ती मिळत नसे. म्हणजे तुमचे पणजोबा कुणाला टाकून गेले नव्हते. भाऊबंदांना हे जरूर सांगा. तुमच्या पणजीने ते बोल आयुष्यभर ऐकले असणार, याचं मला फार वाईट वाटतं.

आता शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी फुकट पाहता येते. आडनावावर विसंबू नका, इंग्रज कारकुनांनी स्पेलिंगची दशा केली आहे. जास्तीच्या माहितीत ‘पाटण’ आणि ‘सातारा’ टाका. बापाचं नाव आणि गाव तिथे पुष्कळदा मिळतं. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, फक्त पलटणवार आकडे आहेत. नावं राहिली ती नोंदवहीत. हा भेद मला आजही सहन होत नाही.

नोंदीतली पलटण आणि मृत्यूची तारीख एकत्र वाचा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतरची तारीख असेल, तर कैदेतला मृत्यू असू शकतो. हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं. पण पणजोबा कुतलाच होते असं आधीच धरून चालू नका. ११४वी मराठा पलटणही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढली.

गावाकडे मात्र कोतवाल बुकात मृत्यू शोधत बसू नका. ते गावात घडलेल्या जन्म-मृत्यूंचं पुस्तक. परदेशात गेलेला माणूस त्यात बहुधा सापडणार नाही. मी तलाठी म्हणून नोकरी केली, म्हणून सांगतो, आधी फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद, काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गट नंबर चालणार नाही, जुना सर्व्हे नंबर द्यावा लागेल. वारसाच्या नोंदीत ‘मयत’, मागे विधवा, आणि अज्ञान मुलगा ‘अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) आई’ असं काही दिसलं, तर तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. पणजोबांचं नावच नसेल तर निराश होऊ नका. थोरल्या भावाचं नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं असेल. मग त्याच्या नावाने शोधा.

पंढरपूर किंवा नाशिकच्या तुमच्या उपाध्यांकडेही जा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते चोपडी काढतात. पणजी यात्रेला गेली असेल, तर तिच्या घरच्यांची नावं तिथे असतील.

फेरफार मोडीत निघाला तर उजेडात, सरळ वरून फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून देतो.