कच्च्या टोमॅटोने जीभ चुरचुरते, सार मात्र चालतं!

प्रश्न: डॉक्टर, मी खारघरला राहते, वय 34. पाऊस सरला की टेकडीच्या बाजूचं गवत कमरेएवढं होतं आणि माझ्या शिंका सुरू, हे सात-आठ वर्षं चालूच आहे. पण दोन वर्षांपासून कोशिंबिरीतला कच्चा टोमॅटो किंवा खरबूज खाल्लं की जीभ चुरचुरते, टाळूला खाज येते, पंधरा-वीस मिनिटांत आपोआप जातं. टोमॅटोचं सार वाटीभर प्यायले तरी काही नाही. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत. शेवटी ॲलर्जीचं मोठं ब्लड टेस्ट पॅकेज केलं, त्यात गहू, दूध, वांगं, शेंगदाणे सगळंच पॉझिटिव्ह, म्हणून तीन महिने सगळं बंद आहे, वजन चार किलो उतरलंय. नेटवर तर सफरचंदही सोडा म्हणतात. आणि आमच्या मागे गाजरगवत आहे, मग गाजर खाऊ की नको?

उत्तर: ताई, नाटकं नाहीत हो, आणि ते सार तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

गवताच्या परागकणांत प्रोफिलिन नावाचं एक प्रोटीन असतं. ते जवळपास सगळ्याच झाडांत थोड्याफार फरकाने सारखंच असतं, टोमॅटोत, खरबुजात, केळ्यात, संत्र्यात. तुमच्या शरीराने गवताविरुद्ध अँटीबॉडी बनवल्यात, त्या खरबुजालाही गवतच समजतात. हे प्रोटीन नाजूक असतं, आच लागली की मोडतं, पोटातल्या ॲसिडनेही मोडतं, म्हणून खाज तोंडापुरती राहते आणि उकळलेल्या साराने काही होत नाही. तुमची लक्षणं तरी याच प्रकारात बसतात.

सफरचंदाचं म्हणाल तर त्या याद्या बहुतेक युरोपातल्या असतात. तिकडे बर्च झाडाच्या परागांची ॲलर्जी खूप, आणि त्याचं सफरचंद, चेरी, हेझलनटशी जमतं. बर्च म्हणजे आपला भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे तो, हिमालयातला. खारघरला कुठून येणार? सफरचंदाने तुम्हाला काही होत नसेल तर खुशाल खा. गाजरगवताला ते नाव पानं गाजरासारखी दिसतात म्हणून पडलंय, बाकी ते सूर्यफुलाच्या कुळातलं. नुसत्या नावाखातर कोणी गाजरहलवा सोडू नये, माझं तरी हेच मत आहे!

आता त्या रिपोर्टचं. रक्तात अँटीबॉडी सापडणं आणि खाल्ल्यावर त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परागांची ॲलर्जी असणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये अशा भलत्याच गोष्टी पॉझिटिव्ह दिसतात, कारण अँटीबॉडी तीच, ती गव्हालाही चिकटते. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तुम्ही पोळी, दूध, वांग्याची भाजी, दाण्याचं कूट बिनधास्त खात होतात ना? मग ते बंद करायचं कारणच नव्हतं, आणि असलं पॅकेज सरसकट करून घेण्याच्या मी विरोधात आहे. फक्त इतके दिवस सोडलंय म्हणून परत सुरू करण्याआधी, शेंगदाण्याचं तर नक्कीच, ॲलर्जीवाल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. ते ताज्या फळाची स्किन टेस्ट करू शकतात, सुई आधी फळात आणि मग हातावर टोचून. माझ्याकडे एक पेशंट डब्यात खरबुजाची फोड, अर्धा टोमॅटो आणि वर पुदिन्याची चटणीही घेऊन आली होती, चटणी परत पाठवली. टेस्टच्या आधी काही दिवस शिंकांची गोळी बंद ठेवावी लागते, किती दिवस ते तिथेच विचारा.

तोवर टोमॅटो शिजवून, खरबूज नको. आणि एक नीट ऐका, ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, आवाज बसला, दम लागला किंवा चक्कर आली तर ते साधं खाजणं नाही, 108ला फोन करा, गोळी घेऊन वाट बघत बसू नका. शिजवलेलं खाऊनही त्रास होत असेल किंवा दाणे-काजू खाऊन होत असेल, तर तो प्रकार वेगळा आणि जास्त गंभीर असू शकतो, त्याला हा शिजवण्याचा नियम लावू नका.

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो. मुलगा 9 वर्षांचा, आंबा चोखून खाल्ला की दुसऱ्या दिवशी ओठांभोवती लाल पुरळ येतं. हीपण परागांचीच ॲलर्जी का?

उत्तर: दादा, दुसऱ्या दिवशी येतंय म्हणजे चिकाचा संशय जास्त. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, बिब्बा उततो ते आपल्याला माहितीच आहे, आंब्याच्या देठाचा आणि सालीचा चीक तसाच पण सौम्य. देठ कापून चीक काढून टाका, आंबा धुवा, साल जाड काढा आणि फोडी काट्याने खायला द्या. चोखायची मजा जाते हे खरं. खाल्ल्या खाल्ल्या ओठ सुजले किंवा खोकला सुरू झाला तर मात्र आंबा थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: ऐरोलीला नर्स आहे. रबरी ग्लोव्हजने हात खाजतात, आणि हल्ली केळं खाल्लं की तोंडही. काही संबंध?

उत्तर: असू शकतो. रबराच्या चिकातली काही प्रोटीनं केळं, किवी, ॲव्होकॅडोतल्या प्रोटीनांशी जुळतात. टेस्ट करून घ्या, तोवर नायट्राइलचे, म्हणजे झाडाच्या चिकाचं रबर नसलेले, ग्लोव्हज मागा, आणि दाताचं काम असो की ऑपरेशन, टेबलावर आडवं व्हायच्या आधी हे सांगा, नंतर नाही.